मैदानात सगळे ‘तू’

नागपुरात समता प्रत्यक्ष आणून दाखवणारा माणूस मी एकच पाहिला, आणि त्याने आणलेली समता साठ मिनिटांच्या वर कधी टिकली नाही. हा माणूस म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, आमचे मावसाजी. सदरमध्ये त्यांचं चष्म्यांचं दुकान, सक्करदऱ्यात घर, आणि या दोहोंतून जो जीव उरतो तो सगळा आमच्या हॉकी क्लबात. क्लब शहराच्या बी डिव्हिजनमध्ये खेळतो; तिच्याखाली काहीच नसल्यामुळे तळाला राहिलेला संघ थेट लीगबाहेर जातो. मावसाजी संघाचे मॅनेजर, प्रशिक्षक आणि साठीला टेकूनही फुलबॅक. चष्मा डोक्यामागून चड्डीच्या इलास्टिकने बांधून ते उतरले की समोरची पोरं आधी हसत, मग जरा वेळाने हसायची थांबत.

माणसांच्या जाती न मानणारे मावसाजी खेळाडूंच्या मात्र दोन जाती मानत: गुडघेवाले आणि फेफडेवाले. चाळिशी ओलांडलेले सगळे गुडघेवाले. आम्ही कॉलेजातली, दिवसभर धावू शकणारी पोरं फेफडेवाले. “ज्याले दम आहे त्याले अक्कल नाही, अन् ज्याले अक्कल आहे त्याले दम नाही. दोघायले जोडून एक माणूस बनते,” असं म्हणत ते प्रत्येक गुडघ्याशेजारी एक फेफडं उभं करत. त्यात वशिला चालत नसे. क्लबाच्या अध्यक्षांनी पुतण्यासाठी शब्द टाकला, तेव्हा मावसाजी शांतपणे म्हणाले, “पोट्टं चांगलं आहे जी, पण आपल्याजवळ फेफडे खूप झाले. एखादा गुडघा असन तर पाठवा.”

त्यांचा सगळ्यात गाजलेला नियम एका गोलातून जन्मला. बॉल आमच्या एका गुडघ्याच्या आणि एका फेफड्याच्या बरोबर मधोमध आला. “काका, तुम्ही घ्या,” पोरगा म्हणाला. “नाही बाबू, तू घे,” काका म्हणाले. दोघांचेही संस्कार उत्तम असल्यामुळे गोल झाला. त्याच संध्याकाळी तर्री-पोह्यांच्या गाडीवर मावसाजींनी फर्मान काढलं: मैदानात काका, भाऊ, अहो, जी, सगळं बंद. सगळ्यांनी सगळ्यांना ‘तू’ म्हणायचं. जो ‘तुम्ही’ म्हणेल तो बाहेर बसेल. शिट्टी वाजल्यावर वाटल्यास पाया पडा.

गुडघे खवळले. पोस्टात नोकरीला असलेला आमचा सेंटर हाफ म्हणाला, “काल दुधाचे दात पडलेलं पोट्टं मले ‘ए’ म्हणते?”

“म्हणू दे न गा,” मावसाजी म्हणाले. “तुही घरवाली काय म्हणते ते आम्ही विचारलं काय?”

पुढे त्याचाच नवा जावई संघात आला. सासऱ्याने भर सामन्यात “ए, सोड बे” म्हटलं, तेव्हा रेषेबाहेरून सासूबाई म्हणाल्या, “अहो, जावई आहेत ते.” बॉल मात्र वेळेवर सुटला.

सगळ्यात जास्त बाहेर बसलो तो मी. वडील चळवळीतले; घरी समतेची पत्रकं गठ्ठ्याने पडलेली, अक्षरओळखही मला त्यावरच झाली. पण मावसाजींच्या पुढ्यात राइट हाफ खेळताना त्यांना हाक मारायची वेळ आली, की तोंडून ‘मावसाजी, तुम्ही’ निघायचंच. “घरात एवढे पत्रकं, अन् तुह्या तोंडून एक ‘तू’ निघत नाही गा?” असं म्हणत ते मला बेंच दाखवत.

गेल्या हंगामातला शेवटचा सामना हरलो असतो तर आम्ही लीगबाहेर जाणार होतो. शेवटचा क्वार्टर सुरू झाला तेव्हा बरोबरी होती. मावसाजींच्या बाजूने समोरचा विंगर दोनदा सुटला. दोन्ही वेळा गोलकीपरने वाचवलं. बेंचवर मनीषनगरचा एक ताज्या दमाचा फुलबॅक बूट आवळून बसला होता. त्याला आत घ्यायचं म्हणजे मॅनेजरने म्हाताऱ्या फुलबॅकला काढायचं, आणि मॅनेजर तर स्वतःच गुडघ्यांवर हात टेकून फुलबॅकच्या जागी उभे होते. सगळ्यांना कळत होतं, बोलत कोणी नव्हतं. मी त्यांच्याजवळ गेलो आणि म्हणालो, “तू बाहेर जा.”

त्यांनी चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं. “जोरात म्हण न गा. बेंचले ऐकू गेलं पाहिजे.”

मी जोरात म्हणालो. ते लंगडत गेले, त्या पोराच्या पाठीवर थाप मारून खाली बसले. पोराने विंगरला पुन्हा सुटू दिलं नाही. सामना बरोबरीत सुटला, क्लब वाचला. मी माफी मागायला गेलो तर पोह्यांवर तर्री ओतत म्हणाले, “माफी काहून? खेळणाऱ्याले काढलं तू, मॅनेजरले थोडीच.”

त्यानंतर ते खेळले नाहीत. गुडघे-फेफड्यांचा मेळ अजून तेच बसवतात, पण रेषेबाहेर उभे राहून. आणि रेषेबाहेर सगळी पोरं त्यांना ‘तुम्ही’ म्हणतात. पत्रकांनी मला समता वाचायला शिकवली, तिचा उच्चार मावसाजींनी शिकवला. हे ऋण मी आनंदाने मिरवतो.

परवा सरावानंतर मावसाजी आणि मी सक्करदऱ्याच्या तलावाच्या काठावर बसलो होतो. ते पाण्याकडे पाहत म्हणाले, “माय गेली, मोठा भाऊ गेला. दुकानात सगळे साहेब म्हणतात, घरी तुही मावशी ‘अहो’ म्हणते. मैदानात तेवढं ऐकू येत होतं. आता मले तू म्हणणारं कोणी राहिलं नाही गा.”

मी तोंड उघडलं. शब्द जिभेवर आला होता. पण शेजारी मावसाजी बसले होते.

“चला, तुम्हाला घरी सोडतो,” मी म्हणालो. ते हसले, आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठले.