आतडं जोडायची घाई

टायफॉईडनं माझं आतडं फुटलं तेव्हा मुलगी नुकती पाऊल टाकायला लागली होती. शुद्धीवर आले तर पोटाच्या उजव्या बाजूला आतड्याचं लालभडक तोंड बाहेर काढलेलं आणि त्यावर रबराची पिशवी, कमरेला पट्ट्यानं बांधलेली. शौच आता तिथूनच. डॉक्टर म्हणाले, "जीव वाचवायला हे करावं लागलं. अंगात रक्त भरलं की आतडं पुन्हा जोडू."

सासर हातकणंगल्याजवळ. तिथं माझं करणार कोण? मला माहेरी, मंगळवार पेठेत आणलं आणि मुलीला थोरल्या जावेनं सांभाळायला घेतलं. पिशवी सारखी गळायची. ते पातळ पाणी लागलं की कातडी सोलून निघायची. आई पांढरं मलम लावायची, जुन्या धोतराच्या पट्ट्या उकळून वाळत घालायची. कुणी आलं की मी वासाच्या भीतीनं मागच्या खोलीत जाऊन बसायची.

नवरा एसटीनं यायचा आणि दारातच विचारायचा, "कवा जोडत्यात?" एकदा त्यानं मुलीला आणलं. ती माझ्याकडं झेपावली, तिचा पाय पिशवीवर बसला, पट्टा सरकला आणि लुगडं भरलं. तिला त्याच्या हातात कोंबून मी आत पळाले. ती बाहेर टाहो फोडत होती आणि मी मोरीत पोट धूत होते. धुता धुताच ठरवलं, आता थांबायचं नाही.

आई, नवरा आणि मी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी माझी पापणी ओढून बघितली. "अजून पांढरंफटक आहे. आत्ता जोडलं तर टाके धरायचे नाहीत. पावसाळा सरू द्या."

"न्हाई धरलं तर?" मी विचारलं.

"पोटात पू होईल. मग माझ्या हातात फार काही राहणार नाही."

नवरा म्हणाला, "आमची तयारी हाय, डॉक्टर. सही करून देतो की."

डॉक्टर माझ्याकडंच बघत राहिले. "पोट तुमचं आहे. तुम्ही सांगा."

असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. लग्न ठरतानाही नाही. मी उठून बाहेर आले. बाहेरच्या बाकावर आई माझ्याजवळ सरकली. "लेकरू आज रडंल, उद्या गप हुईल. तू गेलीस तर ते कुणाला हाक मारंल?"

मी परत आत गेले. "थांबतो," म्हणाले. नवरा दवाखान्यातूनच एसटी पकडायला गेला.

त्या पावसाळ्यात पट्ट्या वाळेनात. आई त्या चुलीवर धरायची आणि घरभर त्यांचा वास कोंडायचा. मला कलेजी, अंडी खायला घालायची, खाल्लेलं सगळं पिशवीत उतरायचं. नवऱ्याचं येणं विरळ झालं. सासूनं निरोप धाडला, असली बाई कशी नांदवायची ते आधी सांगा.

दसऱ्यानंतर डॉक्टर म्हणाले, "आता हरकत नाही." पहिल्या वेळी मला उचलून नेलं होतं, काही कळलं नव्हतं. या वेळी ऑपरेशनच्या खोलीकडं मी माझ्या पायांनी चालत गेले. टाके धरले. पहिल्यांदा नेहमीच्या वाटेनं शौचाला झालं तेव्हा आई संडासाच्या दाराबाहेर उभी राहून मोठ्यानं रडली.

सासरी गेले तर मुलगी जावेच्या लुगड्याआड लपली. जाऊ म्हणाली, "अगं, ही तुझी आय हाय की!" तिनं जावेचाच पदर घट्ट धरला. जावेनं मनापासून प्रयत्न केले, रात्री मुलीला माझ्या अंथरुणात आणून सोडायची. मुलगी उठून परत तिच्याकडं जायची. जावेची पोरं मला काकी म्हणायची, तीही काकीच म्हणायला लागली. दुसरं मूल मला झालं नाही.

ती मोठी झाल्यावर मी तिला हे सगळं सांगितलं, डॉक्टरांनी मला काय विचारलं आणि मी काय म्हणाले तेसुद्धा.

"बरं केलंस, काकी," ती म्हणाली.