भिंतींचा कल गोठ्याकडे होता

घरातलं एखादं दार अडकलं, की मला ती घटना आजही आठवते. तेव्हा मी कोल्हापूर जिल्ह्यात, वारणाकाठच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना एका गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला.

"साहेब, लगोलग या. गाव गोळा झालंय. एका म्हातारीला गावाबाहेर काढायचं म्हणत्यात. करणी करती म्हणं."

स्टेशन डायरीत नोंद केली, दोन शिपाई बरोबर घेतले आणि निघालो.

जुन्या गावठाणातल्या काही घरांच्या भिंतींना एकाएकी तडे जाऊ लागले होते. त्याचं खापर गावानं एका एकट्या राहणाऱ्या विधवा म्हातारीवर फोडलं होतं. तिचा शेजारी, चांगला बागायतदार गडी, सगळ्यांच्या पुढे उभा राहून ओरडत होता.

"सगळ्यात मोठी भेग हिच्याच घराला पडलीया! करणी उलटली हिच्यावर. आणि काय पुरावा पायजे?"

लोक माना डोलवत होते. गर्दीत जो सगळ्यात मोठ्यानं बोलतो त्याच्याकडे आधी बघायचं, ही माझी नोकरीतली सवय. त्याला नीट बघून घेतला आणि म्हातारीकडे वळलो. ती उंबऱ्यावर बसून होती.

"आजी, चार दिवस नातेवाइकांकडे जाता का? मी गाडी देतो."

"न्हाय जायची. गेले की म्हणतील, चेटकीणच हुती, पळाली. भित पडू दे अंगावर, पर मी हलायची न्हाय."

तिचं बरोबर होतं. ती गेली असती तर आयुष्यभराचा डाग लागला असता, आणि राहिली तर भिंतीचा भरवसा नव्हता. आत पाणी आणायला उठली तेव्हा दार उघडायला तिला खांदा लावावा लागला. ते बघून माझ्या डोक्यात काहीतरी हललं.

नोकरीची पहिली वर्षं मी विदर्भातल्या कोळसा पट्ट्यात काढली आहेत. तिथं जमिनीखालून कोळसा काढताना छत पेलायला कोळशाचेच खांब राखतात. पुढे कधी ते खांब दबले, की वरची जमीन बशीसारखी खोलगट होते. भिंत फुटायच्या आधी चौकट तिरकी होऊन दार अडकतं. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते, आणि बशीच्या कडेवरची घरं मध्याकडे झुकतात. अशा घरांचे पंचनामे मी स्वतः केले होते.

"साहेब, आपल्याकडं कुठली आली कोळशाची खाण?" बरोबरचा शिपाई हसला.

"खाण नसंल, पण खणणारा असंल की," मी म्हणालो.

गवंड्याकडून भिंतीचा कल बघायचा ओळंबा मागवला आणि तडे गेलेल्या एकेका घराला लावला. चारी बाजूंच्या घरांचा कल एकाच जागेकडे होता. ती जागा म्हणजे त्या शेजाऱ्याचा गोठा. तिकडे पाऊल टाकताच तो आडवा आला. "जनावरं बुजत्यात, साहेब."

मी हुज्जत घातली नाही. पोलीस पाटलांना घेऊन थेट त्याच्या उसात गेलो. गोठ्याखालून एवढी माती निघाली असेल, तर गेली कुठे, हे मला बघायचं होतं. शेत काळंभोर, आणि सऱ्यांमधून पांढरी माती पसरलेली. पिढ्यान्‌पिढ्या माणसं नांदलेल्या गावठाणातली ही माती, पिकाला खतासारखी लागू पडते. नदीत टाकली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. पण आमच्याकडचा शेतकरी पांढरी वाया घालवेल? जीव गेला तरी नाही.

त्याला चावडीत बसवला, चहा दिला.

"ऊस झकास आहे तुमचा."

"व्हय की! शिवारात असा ऊस न्हाय, साहेब." गडी खुलला.

"पांढरी चांगली मानवली. कुठनं आणली?"

कप हातातच राहिला. "जुनी भित पाडली हुती."

"कुठली भिंत? दाखवा, चला."

तो उठेना. मीही काही बोललो नाही. चौकशीत गप्प बसणं बोलण्यापेक्षा जास्त काम करतं. शेवटी त्याच्या तोंडून सगळं बाहेर पडलं. एका मांत्रिकानं त्याला सांगितलं होतं, की म्हातारीच्या चुलीखाली गुप्तधन आहे. म्हणून तो गोठ्यातून भुयार खणत निघाला होता. खाणीत निदान खांब तरी राखतात. यानं आधाराला साधी फळी लावली नव्हती. भिंती तडकू लागल्या तेव्हा करणीची आवई यानंच उठवली. म्हातारी गेली की चूल मोकळी!

माझं डोकं असं तापलं होतं, की हात आवरायला मला खिशात घालावे लागले. धावत म्हातारीकडे गेलो. "आजी, आता बाहेर या. चुलीखाली पोकळ आहे."

"आधी गावाला दावा. मग उठते."

तिला तर उचलूनही आणता आलं असतं. पण मग डाग तसाच राहिला असता. ताबडतोब पंच बोलावले, गोठ्यातला कडबा बाजूला करवला आणि भुयाराचं तोंड उघडं केलं. सकाळी ओरडणाऱ्या प्रत्येकाला गोठ्याच्या दाराशी उभं करून ते बघायला लावलं. शेवटचा माणूस बघून माघारी वळला, तेव्हा म्हातारीनं घराला लागून बांधलेली आपली म्हैस सोडली आणि ताठ मानेनं घराबाहेर आली.

पंचनामा लिहीत असतानाच तिच्या स्वयंपाकघराची भिंत आत कोसळली. धुरळा बसल्यावर तिनं गर्दीकडे बघितलं. "आता ही कुणाची करणी म्हणायची?"

माणसं एकेक करून काढता पाय घेऊ लागली.

शेजारी आणि मांत्रिक दोघांनाही अटक झाली, जादूटोणाविरोधी कायद्याचं कलमही लागलं. गावानं मुरूम टाकून पोकळी भरली आणि तिचं घर उभं करून दिलं. माफी मात्र कुणी मागितली नाही, याचा मला अजून राग येतो. घाबरलेली माणसं गुन्हेगार शोधत नाहीत, ज्याच्या पाठीशी कुणी नाही असा माणूस शोधतात. अशा वेळी पोलिसानं गर्दीचं न ऐकता ओळंबा लावायचा असतो, हे मी त्या गावात शिकलो.

बदली होण्याआधी तिला भेटायला गेलो. नवं दार लोटलेलं होतं.

"ढकला की, साहेब!" आतून आवाज आला.

तिचं ते जुनं अडकणारं दार आठवून मी खांदा लावला. दार इतकं अलगद उघडलं, की मी वर्दीसकट आत धडपडलो. आजी हसायला लागली. तिला हसताना मी पहिल्यांदाच बघत होतो.