इंद्रदेव काका कुठल्या बेटावर

माझे वडील तुलसीराम राघोजी साखर कारखान्यात उसाच्या काट्यावर कारकून होते. लालमतीच्या आसपासच्या मळ्यांतून ऊस आला की त्याचं वजन लिहून घ्यायचं, हे त्यांचं काम. ते कधी विमानात बसले नाहीत, मॉरिशस सोडून कुठे गेलेही नाहीत. पण दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या कुठल्या बेटावर कोणती विमानतुकडी होती, ती कधी आली आणि कधी तळ उठवून पुढे गेली, हे आमच्याकडे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्यांना हे वेड लागलं ते धाकट्या भावामुळे. माझ्या इंद्रदेव काकांमुळे.

युद्धात तोंबोच्या खाडीत पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचा तळ होता. होडीतून पेट्रोलची पिंपं नेऊन ती विमानं भरायला तिथे माणसं हवी होती. शेतावर राबण्यापेक्षा बरं, म्हणून काकांना तिथे बाबांनीच चिकटवलं. काकांना थोडं इंग्रजी येत होतं. तेही बाबांनीच शिकवलेलं. चव्वेचाळीस साली एक विमान दिएगो गार्सिया बेटाकडे निघालं आणि मदतीला म्हणून काकांना बरोबर घेतलं. "पंधरा दिवसांत येतो," असं ते देवकी काकूंना सांगून गेले. काकूंच्या लग्नाला तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती.

पंधरा दिवस गेले, दोन महिने गेले. बाबा तळावर विचारायला गेले, तर तिथल्या अधिकाऱ्याने यादी काढून दाखवली. विमानातून गेलेल्यांत इंद्रदेव नावाचा माणूसच नव्हता. "काम सोडून पळाला असेल," तो म्हणाला. विमानाचं काय झालं ते सांगायला युद्धात मनाई होती. पुढे तुकडी निघून गेली, तळ बंद झाला. आता विचारायचं तरी कुणाला?

मग माएबूर्गचा एक माणूस भेटला, पलटणीतून सुटून आलेला. तो म्हणाला, "ती तुकडी पुढे पॅसिफिकला गेली. कामाची माणसंही नेली असतील. मो पा कोने, नक्की नाही सांगता येत."

बाबांना तेवढं पुरलं. त्यांनी शाळेतला जुना नकाशा मागून आणला आणि भिंतीवर लावला. पोर लुईच्या वाचनालयात दर शनिवारी जाऊन ते जुनी वर्तमानपत्रं चाळू लागले. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, फिजी, सॉलोमन, जिथे जिथे माजी सैनिकांची मंडळं होती तिथे तिथे पत्रं गेली. उत्तर आलं की एका लांबट वहीत नोंद व्हायची. मला बेटांची नावं पाठ होती, तशी शाळेतल्या दुसऱ्या कुणाला नव्हती. अक्षर चांगलं म्हणून पुढे पुढे पत्रंही मीच उतरवू लागले. सुरुवात नेहमी तीच असायची: महोदय, माझा भाऊ इंद्रदेव, उंच, डाव्या भुवईवर व्रण.

काकू आमच्याच घरी राहत. कुंकू लावायच्या, हातात हिरव्या बांगड्या असायच्या. बाबा पत्र घेऊन आले की हात पुसत दारात येऊन उभ्या राहायच्या. विचारायच्या काही नाहीत. बाबांनी मान हलवली की पुन्हा चुलीपाशी जायच्या.

पंचावन्न साली सूयाक गावाहून चंद्रमोहन नावाच्या शिंप्याचं बोलणं आलं. त्यांची बायको वारली होती, मूलबाळ नव्हतं. एका लग्नात त्यांनी काकूंना पाहिलं होतं. त्यांची बहीण आईशी बोलून गेली आणि आईने ते बाबांच्या कानावर घातलं. मी तेव्हा दहा वर्षांची होते, शेजारीच तांदूळ निवडत बसले होते.

"अकरा वर्षं झाली," आई म्हणाली. "ती अजून तिशीत आहे हो. तिला विचारून तर बघा."

बाबांनी खिशातून एक पत्र काढलं. ते त्याच आठवड्यात ऑकलंडहून आलं होतं. एका माजी वैमानिकाने लिहिलं होतं की त्यांच्या तुकडीत पेट्रोल भरणारा एक हिंदी तरुण होता, बेटावरचाच कुठलासा, आणि सगळे त्याला 'देव' म्हणत.

"इंद्रदेव!" बाबा म्हणाले. "जिवंत माणसाच्या बायकोचं मी दुसरं लग्न लावून देऊ?"

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. बाबांनी त्यांच्याकडे वळून विचारलं, "देवकी, तूच सांग. थांबायचं ना?"

"तुम्ही म्हणाल तसं, भावजी," त्या म्हणाल्या.

सूयाकहून आणखी दोनदा निरोप आला. मग यायचा थांबला.

तो 'देव' शोधायला बाबांना चार वर्षं लागली. शेवटी त्याचा फोटो आला. फिजीतला देवनारायण, बुटका, हसरा, आता त्याचं स्वतःचं दुकान होतं. बाबांनी फोटो उलटा करून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "या तुकडीत नसेल. दुसरी एक होती, सॉलोमनमध्ये. लिहून घे." चंद्रमोहन यांचं तोवर लग्न झालं होतं.

साठ साली कारोल वादळ आलं, तेव्हा आमचं छप्पर पत्र्यासकट उडालं. बाबांनी वही आणि पत्रांचा गठ्ठा सदऱ्याखाली धरला आणि आम्हाला घेऊन ते शाळेच्या दगडी इमारतीत धावले. काकूंची लोखंडी पेटी घरातच राहिली. तिच्यात काकांचा एक सदरा होता आणि लग्नातला एकुलता एक फोटो. पेटी नंतर उसात सापडली, झाकण तुटलेली. फोटोचा कागद तेवढा उरला होता, त्यावर माणसं नव्हती. काकूंनी तो उन्हात वाळवला आणि पुन्हा पेटीत ठेवला.

बासष्टच्या जून महिन्यात कॅनडाहून पत्र आलं. माजी सैनिकांच्या एका मासिकात बाबांनी दिलेली चार ओळींची सूचना पत्र लिहिणाऱ्याने वाचली होती. तो तोंबोच्या तळावर विमानांचा यंत्रकारागीर होता. पत्र मी मोठ्याने वाचत होते. दुसऱ्या परिच्छेदावर मी थांबले, तेव्हा बाबांनी ते माझ्या हातातून घेतलं आणि स्वतःच वाचलं.

विमान दिएगो गार्सियाला पोचलंच नव्हतं. उडाल्यावर दोन तासांत त्याने पेट घेतल्याची बिनतारी खबर तळावर आली होती. शोधायला गेलेल्यांना पाण्यावर तेलाचा तवंग दिसला, दुसरं काही नाही. विमानात नऊ माणसं होती. अहवालात आठ लिहिली गेली, कारण बाहेरच्या माणसाला बरोबर न्यायची परवानगी नव्हती आणि वरच्याने सांगितलं, नववा लिहू नका. 'मी गप्प बसलो,' त्या माणसाने लिहिलं होतं. 'तुमचा भाऊ मला चांगला आठवतो. विमान घाण होऊ नये म्हणून तो बूट हातात घेऊन चढला होता.'

तुकडी त्यानंतर चार महिन्यांनी खरोखरच पॅसिफिकला गेली होती. बाबांनी वहीत लिहिलेली बेटं, तारखा, सगळं बरोबर होतं. काका तेवढे त्यात नव्हते.

आई म्हणाली, "मी सांगते तिला." बाबांनी ऐकलं नाही. काकू परसात भाजीला पाणी घालत होत्या. बाबा त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले, आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा काकूंनी आपणहून विचारलं, "काय लिहिलंय?"

बाबांनी सगळं सांगितलं. बुटांचंही सांगितलं.

"म्हणजे किती दिवसांनी?" काकू म्हणाल्या.

"त्याच दिवशी. सकाळी निघाले, दुपारच्या आत."

काकूंनी हातातला डबा खाली ठेवला. "त्या दिवशी मी त्यांच्यासाठी पापड लाटायला घेतले होते," त्या म्हणाल्या. मग अगदी हळू, "मग मी कुणाची वाट पाहत होते, भावजी?"

बाबा तिथेच मातीत बसले आणि लहान मुलासारखे रडू लागले. काकू रडल्या नाहीत. त्या आत गेल्या, तोंड धुऊन आल्या. कपाळ पुसलेलं होतं.

तेराव्यापर्यंत सगळं रीतीने झालं. महिन्याभरात काकू माएबूर्गला गेल्या. तिथे आईच्या ओळखीच्या एका बाईंच्या दुकानात शिवणाचं काम मिळालं, वर राहायला खोलीही मिळाली. त्यांना निघताना कुणी अडवलं नाही.

बाबांनी नकाशा काढून टाकला. त्यानंतर ते विमानदलाच्या कचेरीला एकच पत्र पुनःपुन्हा पाठवत राहिले: त्या विमानाच्या यादीत नववं नाव घाला. एकदा उत्तर आलं की जुन्या अहवालात बदल करता येत नाही. बाकीच्या पत्रांना उत्तरं आलीच नाहीत.

दर रविवारी ते बस बदलत माएबूर्गला जायचे. काकू त्यांना चहा द्यायच्या, आईची आणि माझी चौकशी करायच्या. मी एकदा बरोबर होते. बाबा मान खाली घालून म्हणाले, "देवकी, त्या सूयाकच्या वेळी मी..."

"चहा निवतोय, भावजी," काकू म्हणाल्या.

बाबांनी चहा प्यायला. पुढे तो विषय त्यांना कधी काढता आला नाही. सदुसष्ट साली, देश स्वतंत्र होण्याच्या काही महिने आधी, काट्यावरच त्यांच्या छातीत कळ आली आणि ते गेले.

काकू आल्या, सगळे दिवस राहिल्या, आईला हाताने जेवू घातलं. परत जायच्या दिवशी मी त्यांना बसपर्यंत पोचवायला गेले. इतकी वर्षं मनात होतं ते मी विचारलंच, "काकू, तुम्हाला बाबांचा राग नाही आला?"

"मुद्दाम केलं असतं तर राग तरी धरता आला असता, सुनयना," त्या म्हणाल्या. "ते माझ्यासाठीच करत होते ना गं. दर शनिवारी."

बस आली. त्यांनी पिशवी उचलली, माझ्या गालावरून हात फिरवला आणि चढून खिडकीपाशी जाऊन बसल्या.