शेरूला न सांगता

“मी दिग्रसच्या बजारात जाऊन राह्यली. सांजेले येतो. बस इथंच.”

याडी हे कुणाला सांगायची? तर शेरूला, तिच्या कुत्र्याला. अगदी कंबरेत वाकून, त्याच्या कानाशी. आणि तोही दारात बसून राही. बंजाऱ्यांच्या गोरबोलीत याडी म्हणजे आई. अख्खा तांडा तिला याडीच म्हणे. शाळेवर शिकवायला जाताना मी हे रोज पाही. एकदा थट्टेनं विचारलं, नवऱ्याला तरी इतकं सांगतेस का? ती म्हणाली, “त्याले कायले सांगू? तो कुठं वाट पायते?”

मागच्या वर्षी तांड्यावर पिक्चरवाले आले. मुलांची जुनी गोष्ट: विकलेला कुत्रा चालत चालत आपल्या पोराकडे परत येतो. शेरू त्यांना बघताक्षणी आवडला. याडी कॅमेऱ्यामागून सांगे, तसं तो करी.

अडलं ते शेवटच्या दिवशी. जीप निघते आणि कुत्रा जिवाच्या आकांतानं मागे धावतो, असा प्रसंग होता. म्हणून याडीलाच जीपमध्ये बसवलं. पण ती दर वेळी शेरूला सांगून बसे आणि तो पठ्ठ्या निवांत पाहत राही. ऊन उतरू लागलं. दिग्दर्शकानं हात जोडले, एकदाच न सांगता जा म्हणाला. सगळा तांडा याडीच्या तोंडाकडे पाहत होता. आपलं गाव पडद्यावर दिसावं असं कुणाला वाटत नाही, तुम्हीच सांगा!

ती मान खाली घालून जीपमध्ये बसली.

शेरू असा धावला की माझाच जीव कासावीस झाला. जीप वळून तुरीच्या आड थांबली. नेमका तेव्हाच रस्त्यावरून एक ट्रक गेला. याडी त्यातच आहे असं समजून शेरू ट्रकामागे धावत दिसेनासा झाला.

“शेरू, मी इथंच हाय रे!” याडी अनवाणी धावत होती. आम्ही मोटारसायकली काढल्या. रस्त्यात काही काळं पडलेलं दिसलं की गाडी थांबवून बघू. दिवस बुडता बुडता तो एका ढाब्यावर सापडला, उभ्या ट्रकाखाली, पंजे सोललेले, थरथर कापत. याडीनं त्याला उराशी धरलं. “मी तुले फसवलं रे बापू,” एवढंच ती म्हणत राहिली.

शेरू बरा झाला, पण तिच्या शब्दावरचा त्याचा विश्वास उडाला. ती एसटीत चढली की हा एसटीमागे. बांधून ठेवलं तर गळा कापेपर्यंत दोरी ओढे. लेक उमरखेडला बाळंत झाली, नातीचं तोंड पाहायलाही याडी गेली नाही.

परवा दिग्रसला पिक्चर लागला. तांडा टेम्पो भरून गेला. पडद्यावर शेरू जीपमागे धावला, तेव्हा लोक डोळे पुसत टाळ्या वाजवत होते. याडीसाठी धरलेल्या खुर्चीवर माझी पिशवी तेवढी होती.