वहीवाल्या मावशीची नजर

बालवाडीतली पोरं तिला वहीवाली मावशी म्हणत. अकरा वर्षं तिचं संशोधन एकच: पोरांना टॅबवर पाण्याचे धडे दाखवायचे, मग टेबलावर खिळा, बूच, दगड मांडून विचारायचं, यातलं काय बुडेल, काय तरंगेल? बरोबर वस्तूला बोट लागलं की वहीत खूण. वह्या खुणांनी भरून गेल्या होत्या. तिच्याच अहवालावर विसंबून कितीतरी बालवाड्यांतली, पोरं ज्यात वस्तू टाकून बघत ती पाण्याची घमेली भंगारात गेली आणि टॅब आले. तिला त्याचा कोण अभिमान!

चाचणीच्या वेळी कॅमेरा नेहमी पोरांवर असे. या खेपेला नव्या कॅमेरावाल्यानं घोळ घातला आणि तो तिच्यावरच रोखला. त्याला फैलावर घेऊन झाल्यावर, पुसून टाकण्याआधी सहज म्हणून ती ते चित्रीकरण बघायला बसली.

पडद्यावरची ती विचारत होती, "काय बुडेल?" आणि तिचे डोळे आधीच खिळ्याकडे गेले होते. मग पोराचं बोट खिळ्याकडे. पुढच्या प्रश्नाला डोळे बुचाकडे, बोटही बुचाकडे. धडा कसला नि काय, पोरं तिचं तोंड वाचत होती!

तिनं आपल्या खात्याच्या साहेबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "ताई, आता एवढे टॅब परत घ्यायचे का? गप्प बसा. तुमचंच हसं होईल."

हसं होईल याची तिलाही धास्ती होतीच. दोन दिवस ती तेच चित्रीकरण पुन्हा पुन्हा बघत राहिली. तिसऱ्या दिवशी तिनं चिमणीला बोलावलं. चिमणी म्हणजे बालवाडीतली सगळ्यात हुशार पोर, तिची एकही खूण कधी चुकली नव्हती.

मावशीनं डोळे मिटून विचारलं, "काय बुडेल गं?"

मग खुर्ची सरकली. इवलीशी चिकट बोटं तिची पापणी वर ओढू लागली.

"मावशी, डोळे उघड ना! मला कसं कळणार?"

मावशीला रडू फुटलं. त्याच दिवशी तिनं अहवाल मागे घेत असल्याचं पत्र साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

पत्राला उत्तर आलं नाही. महिनाभरात तिच्या जागी दुसरी बाई आली, आणि कॅमेरा पुन्हा फक्त पोरांवर लावायची सक्त ताकीद कॅमेरावाल्याला मिळाली.