नाव माझं, फोटो वंदनाचा

शेलारबाईंच्या पर्समध्ये कायम एक ब्लेड आणि कापसाचा बोळा असे. शाळेच्या चिकटवहीतला एखादा फोटो त्यांच्या मनातून उतरला, की त्या ओल्या कापसानं त्याच्या कडा भिजवायच्या, खालून अलगद ब्लेड सरकवायच्या आणि तिथं दुसरा फोटो डकवायच्या. पूर्ण झालेलं, तपासणीच्या साहेबांची सही असलेलं पानसुद्धा त्यांच्या हातून सुटत नसे. "वहीत नीट दिसलं पायजे," हे त्यांचं पालुपद.

निमोण्याजवळच्या आमच्या सातवीपर्यंतच्या शाळेत त्या मुख्याध्यापिका होत्या. गणित चांगलं शिकवायच्या, हे कबूल करते. बाकी त्यांच्याबद्दल चांगलं लिहायला माझा हात धजत नाही.

नव्वद-पंच्याण्णवच्या सुमाराची गोष्ट. मी सातवीत होते. शिरूरला तालुक्याच्या स्पर्धेत चारशे मीटरला अनवाणी पळून पहिली आले. ढाल हातात घेतलेला माझा फोटो बाईंनीच वहीत लावला, खाली ठसठशीत अक्षरात नाव लिहिलं. ते पान दाखवायला मी आबांना, म्हणजे वडिलांना, शाळेत नेलं. अर्धं आयुष्य मेंढरांमागं फिरलेला माणूस; त्यांनी हात धोतराला पुसले आणि पानाला न शिवता बराच वेळ बघत राहिले. घरात तोवर माझा एकही फोटो नव्हता.

महिन्याभरानं तपासणीला साहेब येणार होते. आदल्या दिवशी बाईंच्या टेबलावरची वही मी सहज उघडली, तर माझ्या नावावर माझ्या वर्गातली वंदना उभी. पांढरे बूट, इस्त्रीचा गणवेश आणि हातात माझी ढाल. वंदना त्या शर्यतीत पळालीही नव्हती.

मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, नाव तुझंच आहे, मग तुझं गेलं काय? साहेबांना मी खरं सांगेन, असं मी म्हटलं. त्यावर त्यांनी मला तपासणी होईपर्यंत शाळेत यायला बंदी केली. एवढ्यावर भागलं नाही. पुढं जिल्ह्याच्या स्पर्धेआधी मी आजारी असल्याचं त्यांनी कळवून टाकलं. इतर मुलं पुण्याला गेली, मी कांद्याच्या वाफ्यात खुरपत बसले.

हे सगळं कळल्यावर आबा शाळेत गेले. मीही मागं होते. चपला बाहेर काढून ते आत शिरले, त्यांनी वही मागितली आणि फोटोवर बोट ठेवलं.

"बाई, नाव माझ्या पोरीचं हाय. ही पोरगी माझी न्हाई."

"आबा, साहेब वही बघून शाळेला नव्या खोल्या मंजूर करतात," बाई म्हणाल्या. "तुमची पोरगी अनवाणी, फ्रॉकला ठिगळ. शाळेची शोभा झाली असती."

"मग नाव बी काढा."

"नाव निकालात हाय. ते कसं काढू?"

आबांनी वही मिटली. पुढच्या बाजारात त्यांनी शिरूरहून माझ्यासाठी पांढरे बूट आणले. मी ते एकदाही घातले नाहीत, आणि नंतर कधी पळालेही नाही. बूट आणून आपलं चुकलं काय, हे आबांना शेवटपर्यंत कळलं नाही. बाईंना मी त्याची माफी देऊ शकले नाही.

शाळेला दोन खोल्या मिळाल्या.

बारा-तेरा वर्षांनी मी दौंडच्या एका लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करत होते. एका सकाळी शेलारबाई समोरच्या खुर्चीत येऊन बसल्या. निवृत्त झालेल्या, साखर वाढलेली, अंगानं वाळलेल्या. चिठ्ठीवरचं नाव वाचून मी वर पाहिलं, तोवर त्यांनी मला ओळखलं होतं.

"खोल्यांत पोरं शिकली," त्या म्हणाल्या. "माझं चुकलं, असं मला अजून वाटत न्हाई."

मी त्यांच्या दंडाला पट्टा बांधला.

"राग हाय का गं अजून?"

"हाय," मी म्हणाले.

डाव्या हाताची शीर काही केल्या सापडत नव्हती. त्यांनी माझ्याकडं न बघता बाही वर सारली आणि उजवा हात पुढं केला.