कडेची वाट

रंगवाल्या भाईंबद्दल मी आजवर पुष्कळ बोललो, पण नेहमी निम्मंच. त्यांचे किस्से सांगून लोकांना हसवलं आणि माझा भाग जवळ आला की चहा मागवला. "सर, भाईंवर काहीतरी लिहा," असं आमच्या मंडळातले लोक म्हणत. मी डोळ्यांच्या ऑपरेशनचं कारण पुढे करत असे. डोळे केव्हाच बरे झाले आहेत.

भाई कायम हरणारी बाजू घेत. दहिवलीच्या वाचनालयात रविवारी आम्ही खेळवेडे जमायचो. कोणीतरी एक प्रसंग रचून आणायचा, म्हणजे पटावर नकाशा, सोंगट्या, दोन बाजू आणि त्यांची अडचण. बाकीचे तो खेळायचे. ज्या बाजूला सोंगट्या कमी, तिथे भाई आधीच खुर्ची ओढून बसलेले असत. "जिंकणाऱ्याला काय, कोनीबी खेळवंल," ते म्हणत. "मला बघायचं हाय, दुबळ्याला एक तरी वाट ठेवलीय का नाय." वाट नसली तर ते रचणाऱ्याला सगळ्यांसमोर झापत. "हा खेळ नाय रं, ही कत्तल हाय!" आवाज रस्त्यावर ऐकू जाई.

खालापुरात त्यांचं रंगाचं दुकान होतं आणि ते त्यांना जिवापाड प्रिय होतं. गिऱ्हाइकाने भिंतीची जुनी खपली आणली की भाई ती उजेडात धरत आणि तीच शेड कालवून देत. कोणी नव्या मशिनचं नाव काढलं तर चिडत. "मशिनला काय कळतंय, तुझ्या भिंतीवर ऊन कवा येतं ते?"

जोडीने प्रसंग रचायची स्पर्धा ही कल्पनाही त्यांचीच. नकाशा एकाने काढायचा, नियम दुसऱ्याने लिहायचे आणि एकमेकांना काही समजावून सांगायचं नाही. "नकाशानं बोलायचं, मानसानं नाय." शेवटी तो प्रसंग तिऱ्हाइतांनी खेळायचा आणि रचणाऱ्यांनी गप्प बसायचं. त्यासाठी भाईंनी लिमलेटच्या गोळ्यांची बरणी आणून ठेवली. गोळी तोंडात असेपर्यंत बोलणं बंद. विरघळली की दुसरी. स्पर्धेची जमवाजमव आम्ही दोघांनी केली. कशेळ्यापर्यंत जीपने जाऊन माणसं गोळा केली. भाई वाटेत जीपवाल्यालाही नियम समजावत.

चिठ्ठ्यांत माझी जोडी त्यांच्याशीच लागली. त्यांनी ठाकुरवाडीजवळचा घाट रंगवला. दरड कोसळून बोगद्याजवळ आगगाडी अडकलेली. एक बाजू दरडीची, दुसरी प्रवाशांची. दरडीने एकेक रस्ता बंद करत जायचं आणि प्रवाशांनी त्याआधी खाली उतरायचं. नियम माझे. नकाशा प्लायवूडवर चिकटवायचं कामही माझ्याकडे. प्लायवूड किंचित आखूड पडलं, म्हणून मी नकाशाची एक कड बोटभर कापली आणि नवी काळी चौकट आखली. कापलेल्या पट्टीवर एक तपकिरी रेघ होती. मला ती ब्रशचा ओघळ वाटली. मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला आहे.

कशेळ्याचा गट खेळायला बसला तेव्हा आम्ही दोघं तोंडात गोळ्या धरून मागे बसलो होतो. दरड एकेक रस्ता गिळत गेली. प्रवासी बोगद्याच्या तोंडाशी येऊन थांबले. पुढे काही नव्हतं. त्या गटातल्या अंगणवाडीच्या ताई वळून म्हणाल्या, "अवं भाई, आता आमी काय उडत जायचं? दुसऱ्याला वाट इचारता नि सोता नाय काढली व्हय!"

सगळे हसले. त्या हसण्यात माझ्या डोळ्यांपुढे ती रेघ आली. बोगद्यापासून ठाकुरवाडीकडे उतरणारी पायवाट होती ती, पट्टीबरोबर केरात गेलेली. भाईंचा चेहरा लाल झाला होता, पण त्यांनी स्वतःचा नियम मोडला नाही. मी मोडायला हवा होता. समोर माझे जुने विद्यार्थी बसले होते. मी गोळी चघळत राहिलो.

खेळ संपल्यावर भाई पटाजवळ गेले आणि चौकटीवरून बोट फिरवू लागले. "हितं मी वाट काढली होती ना, सर?"

"काढली असती तर दिसली असती, भाई," मी म्हणालो.

त्यांनी वाद घातला नाही. भाईंनी वाद घातला नाही असं मी प्रथमच पाहिलं. त्यांचे वडील म्हातारपणी घरची माणसंही विसरले होते, हे मला ठाऊक होतं. भाईंना त्याच एका गोष्टीची भीती वाटे, हेही ठाऊक होतं.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. मी खालापूरला गेलो तर गल्ल्यावर त्यांचा मुलगा रियाज. "अब्बा आता दुकानात बसत नाहीत," तो म्हणाला. "म्हणतात, माझा भरोसा नाही, गिऱ्हाइकाला भलतीच शेड जाईल. आम्ही किती समजावलं."

भाई आत पलंगावर बसले होते. मी सांगायचं ते जीपमध्ये घोकत आलो होतो. मला पाहून त्यांनी उशाजवळची बरणी पुढे केली. "घ्या सर, आता हितं स्पर्धा नाय." मी गोळी घेतली, ती संपली की बोलू असं ठरवून. तेवढ्यात तेच म्हणाले, "सर, तुमची एवढी मेहनत माझ्यापायी फुकट गेली. वाट ऱ्हायली माझ्या हातनं. माफ करा."

मी मान हलवली. म्हणजे, मी त्यांना माफ केलं.

परतीच्या वाटेवर चौक गावी जीप बदलताना गोळी संपली. परत फिरायला वेळ होता. मी घराकडे जाणाऱ्या कर्जतच्या जीपमध्ये बसलो. नंतर दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो आणि रियाजशी पावसापाण्याचं बोलून आलो. गेल्या उन्हाळ्यात भाई गेले. दफनाच्या वेळी मीही मूठभर माती टाकली. ते शेवटपर्यंत दुकानात बसले नाहीत. रियाज म्हणतो, त्यांना अखेरपर्यंत सगळ्या शेडचे नंबर पाठ होते.

खालापूरला जाताना जीपमध्ये घोकलेलं ते सगळं मला अजून पाठ आहे. भाई, वाट तुम्ही काढली होती. ती मी कापली. तुमचं डोकं शाबूत आहे, उद्यापासून दुकानात बसा. आणि मला माफ करा.